धोंडबाची बिनडफड्याची दवंडी

"डफडं घरात येणार नाही म्हणजे नाही!"

"अवं, हे काय माह्या बापाचं हाय? सरकारी हाय हे."

"सरकारी असो का सोन्याचं असो. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तवा चुलीत काय घातलं होतं? काकडी?"

"मी कुठं वाजवून राहिलो? साहेबानं हातात देल्लं, मी घेऊन आलो."

"साहेबानं हातात इस्तू देल्ला असता, तर तोही आणला असता?"

भिलाईच्या कॅम्पात तेव्हा खोल्याखोल्यांच्या मधे तट्ट्याच्या भिंती होत्या. शेजारची मनकर्णा कणीक मळत होती, ती मळायची थांबली, कारण कणकेचा आवाज भांडणाच्या आड येत होता. थोड्या वेळानं धोंडबा रामटेके डफडं घेऊन बाहेर आला आणि ते ओट्यावर पालथं ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसला.

गोष्ट साधी होती. भंडाऱ्याकडच्या गावात दवंडी पिटायचं काम धोंडबाच्या घराण्याकडे होतं. बापानं पिटली, आज्यानं पिटली. लोकांनी पायरीखाली उभं राहून पिटायला लावली. दीक्षा घेतली त्या दिवशी धोंडबानं आणि त्याच्या बायकोनं, ठकूबाईनं, मिळून ते डफडं चुलीत घातलं आणि त्यावर चहा केला. मग दोघं भिलाईला आले. इथं पोलादाचा कारखाना उभा राहत होता. दोन हात असलेल्या माणसाला कोणी जात विचारत बसत नव्हतं, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. धोंडबा बिजलीच्या लाईनवर खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, लागला.

कारखान्याला वीज किती लागते ते सांगून खरं वाटायचं नाही. आधी एक इंजिन आणून ठेवलं होतं. ते दिवसभर म्हाताऱ्यासारखं खोकायचं. त्यावर दिवे लागत, पण मोठ्या मशिनी हूं की चूं करत नसत. म्हणून कोरब्याकडे, कोळशाच्या खाणींजवळ वीज करायची आणि टॉवरवरून तारा ओढून भिलाईला आणायची असं ठरलं. शेताशेतांतून लोखंडी टॉवर उभे राहिले, तारा चढल्या. पण वीज काही येईना. इकडचं झालं तर तिकडचं राहिलेलं, असं बरेच महिने चाललं.

तोवर गावकऱ्यांनी टॉवर वापरायला काढले. एवढं लोखंड उगाच उभं कसं ठेवायचं? कोणी म्हैस बांधली, कोणी पोरांसाठी झोका टांगला, कोणी धान राखायला वर माचा बांधला. एका बाईनं भोपळ्याचा वेल चढवला. भोपळे वर लागले की तिचा दीर वर चढून उतरवायचा.

आणि आता शुक्रवारी लाईन चालू होणार होती.

ओव्हरसियर शामसुंदर साहेब वर्ध्याचे. त्यांनी धोंडबाला बोलावलं, डफडं दिलं आणि म्हणाले, "गावोगाव सांगून ये. तुले तर वाजवता येतेच."

"येते साहेब. म्हणूनच वाजवत नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. धोंडबा तसाच उभा होता. "बरं. मग कसंही सांग. पण शुक्रवारी कोणाची कोंबडी जरी मेली, तर तुह्या नोकरीचं काही खरं नाही."

ठकूबाईशी भांडण झालं ते याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी धोंडबानं डफडं साहेबांच्या टेबलाखाली सरकवलं आणि सायकलवर टांग टाकून जुनवानी गावाला गेला. चौकात उभा राहून ओरडला, "सुनो हो! शुक्रवारी तारेत करंट येणार! टॉवरपासून दूर राहा!"

एक म्हातारी बाहेर आली आणि तिनं बांगड्यांचा भाव विचारला.

त्यानं सायकलची घंटी वाजवली. तेव्हा पोरं धावत आली आणि बर्फाचा गोळा नाही म्हटल्यावर शिव्या देऊन गेली. धोंडबाचा आवाज मुळातच बारीक, आणि दवंडी म्हटली की आधी डफडं ऐकायची लोकांना सवय. नुसत्या माणसाचं कोण ऐकतं?

तेवढ्यात लांबून ठकूबाई येताना दिसली. पदर कमरेला खोचलेला, चेहरा लाल. झालं होतं असं की ती नळावर गेली असताना धोंडबा घराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून निघून आला होता. भरल्या घागरी दारात ठेवून ती तापत्या उन्हात जुनवानीपर्यंत चालत आली होती.

"अवो, किल्ली कोणाच्या लग्नात आहेर द्यायले आणली का?"

"हळू बोल ना. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या! मी का चोरून आली?"

अख्खी जुनवानी बाहेर आली. कणीक लागलेल्या हातांनी बाया आल्या, विडी अर्धवट टाकून माणसं आली. "का होगे गा?" काय झालं म्हणून एकमेकांना विचारत सगळे गोल करून उभे राहिले. बायांनी ठकूबाईची बाजू घेतली. एकीनं तिला पाणी दिलं. धोंडबा रडकुंडीला येऊन म्हणाला, "अवं, मी काय मजा माराले आलो? शुक्रवारी त्या टॉवरात करंट येऊन राहिला! लोक मरतील म्हणून धावलो, किल्ली ध्यानात नाही राहिली!"

आता निवाडा करायचा तर करंट म्हणजे काय ते कळायला हवं. कोणता टॉवर, हात लावला तर काय होते, म्हैस बांधली तर काय होते, गावानं एकेक गोष्ट खोदून विचारली. धोंडबानं घाम पुसत सगळी सांगितली. संध्याकाळपर्यंत जुनवानीच्या टॉवरवर झोका राहिला नाही की म्हैस राहिली नाही, आणि घरोघरी किल्लीची गोष्ट चालली होती.

परतताना धोंडबा सायकल हातात धरून चालत होता. अर्ध्या वाटेत म्हणाला, "ठकू, उद्याही येजो."

"येईन. पण मी जिंकली पाहिजे."

दुसऱ्या गावी दोघांनी ठरवून भांडायचा प्रयत्न केला. फार वाईट झालं. "तुमी मले लुगडं घेत नाही जी," असं ठकूबाई म्हणाली, तर धोंडबा सवयीनं म्हणाला, "घेईन ना." लोक आलेले परत गेले. खोटं भांडण माणसाला लांबूनच कळतं. मग ठकूबाईनं खरं काढलं. सासूनं लग्नातला पाणी भरायचा पितळी गुंड कसा परत मागितला, धोंडबा झोपेत कसा घोरतो, बोकड म्हणून जे घरात आणलं ते शेळी कसं निघालं. धोंडबाला सगळं नव्यानं ऐकावं लागलं. गावागावात गर्दी वाढत गेली आणि टॉवर मोकळे होत गेले.

गुरुवारी शेवटचं गाव राहिलं, कुम्हारीच्या अलीकडचं. तिथला म्होरक्या टिकाराम टॉवरवरच्या माच्यावर झोपला होता, कारण वर हवा चांगली लागायची. बोकडाचं भांडण इतकं रंगलं की तो स्वतः खाली उतरला. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि हुकूम सोडला: ही बाई आमच्या गावची लेक झाली. नवऱ्यानं लुगडं आणल्याशिवाय ती परत जाणार नाही. बायांनी ठकूबाईला घरात नेऊन जेवायलाही बसवलं.

दिवस कलायला आला. टॉवरवर माचा तसाच, वेल तसाच, खाली म्हशी तशाच. सकाळी वीज येणार. धोंडबानं कळवळून करंटचं सांगायला सुरुवात केली, तर टिकाराम म्हणाला, "पहिले लुगडा, फिर करंट."

धोंडबा तिथंच जमिनीवर बसला. त्याला दिसत होतं, सकाळी हा बुढा परत हवा खायला वर चढणार. आणि डफडं असतं तर आपण आत्ता वाजवलं असतं का, हेही मनात आलं. त्यानं हात मांडीखाली दाबून धरले.

ठकूबाईनं ते आतून पाहिलं. घास टाकून ती बाहेर आली आणि टॉवरकडे बोट करून ओरडली, "टिकारामदादा, लेक म्हणता ना? मग लेकीचं ऐका! आधी तो माचा काढा. उद्या तुमी मेले तर ह्यांची नोकरी जाईल. नोकरी गेली तर हे दिवसभर घरी बसतील. मग मी काय करू?"

टिकारामनं धोंडबाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. दिवसभर हा घरी, हे संकट त्याला पटलं. तो आपल्या हातानं माचा सोडायला गेला आणि सगळं गाव त्याच्या मागं धावलं. वेल तोडला, म्हशी हलवल्या. कोवळे भोपळे ठकूबाईच्या ओटीत आले.

शुक्रवारी लाईन चालू झाली. कोंबडी जगली, म्हैस जगली, टिकाराम जगला. पुढच्याच महिन्यात शामसुंदर साहेबांनी धोंडबाला पक्कं केलं आणि डफडं कोणाला तरी देऊन टाकलं.

वीज एकदा आली की पुरत नाही. कारखान्यात नवी मिल आली, तिला दुसरी लाईन लागली. क्वार्टरांत आधी दिवे, मग पंखे, मग साहेबांच्या बायकांच्या इस्तऱ्या. मग गावंही म्हणाली, टॉवर आमच्या शेतात आणि अंधारही आमच्याच घरात काहून? तिथंही खांब गेले. दर नव्या लाईनीला धोंडबा आणि मागच्या कॅरिअरवर ठकूबाई. पगार एकाचा आणि गावांनी दिलेल्या भाज्या दोघांच्या. घरी मात्र भांडायला काही उरायचं नाही. तट्ट्याच्या जागी विटांची भिंत आली तरी मनकर्णा कान लावून पाहायची, तर आत नुसती भाकर थापल्याचा आवाज.

धोंडबाचे केस पांढरे झाले तेव्हा ऑफिसात दवंडीसाठी भोंगा लावलेली जीप आली. जीप सुरू व्हायच्या आधीची शेवटची वस्ती त्याच्याकडे आली. नव्या खांबांची छोटी लाईन होती. दोघं सायकलवर गेले. ठकूबाईनं त्या दिवशी दाताचा विषय काढला, की हे तंबाखू खातात आणि दुखलं की मलाच उठवतात. वस्ती जमली, बाया हसल्या, माणसांनी धोंडबाला समजावलं. त्यानं मधेच, उद्यापासून तारेत करंट, हे सांगितलं. पोरांना वेगळं सांगितलं, म्हाताऱ्यांना जवळ बसून सांगितलं.

मग ठकूबाईला बायांत सोडून तो नेहमीसारखा लाईनीनं, एकेक खांब तपासत, एकटा निघाला. खांबाला आधार देणाऱ्या ताणतारेवर कोणाचं तरी ओलं धोतर वाळत होतं. त्यानं ते काढलं, पिळलं, चार पदरी घडी केली आणि जवळच्या कुंपणावर ठेवून त्यावर दगड ठेवला. पुढच्या खांबाला बकरी बांधलेली होती. गाठ पक्की होती, सुटेना. खाली बसून तो दातानं ती सोडवू लागला.