गुरुजीचा लॅपटॉप अन् घंटाभराची अट

कीबोर्ड उलटा करून झटकला की काय काय पडतं! चिवड्यातले शेंगदाणे, हळदीची पूड, एकदा तर कोणाच्या तरी नाकातली चमकी. किस्सेबी तसेच. कधी जमा झाले कळत न्हाई, झटकले की पडतात.

माझा भाचा मिलिंद. वसमतला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मी शाळेचं तोंड बघितलं न्हाई, अक्षरओळख या दुकानातच झाली. पण फडक्यानं मशिनी पुसायला शाळा कशाला लागती?

*

मिलिंद सगळ्यांच्या मशिनीत लिनक्स भरायचा. विंडोजच्या जागी चालतं, व्हायरसची तकलीफ न्हाई, अन् वर फुकट. हळदीच्या आडतवाल्या शेठला त्यानं हे नीट समजावून सांगितलं. शेठनं जरा विचार केला.

"फुकट हाय म्हणतोस?"

"व्हय."

"मंग दोन भर!"

*

हट्टा गावचे गुरुजी लॅपटॉप घेऊन आले. संगं त्यांची लेक, सुजाता. लिनक्स भरल्यापासून सूर्याचं चित्र असलेली, उजेड कमी-जास्त करायची बटनं चालेनात. पडदा सदा भर दुपारसारखा, अन् बॅटरी अर्ध्या घंट्यात खलास! लॅपटॉपला ओढणी गुंडाळलेली.

"हे काहून?" मिलिंदनं विचारलं.

"आईनं बांधली," सुजाता म्हणाली. "उजेड कमी झाला की बॅटरी पुरंल म्हणे."

मिलिंद ओढणी सोडून भलतीकडंच बघून राहिला होता. मंग मीच म्हणलो, "बाई, कंदिलावर फडकं टाकून रॉकेल वाचत न्हाई. वात खाली करावी लागती."

सुजाता हसली. तिथंच आमचं पोरगं कामातून गेलं.

*

पुढच्या हप्त्यात गुरुजी एकटेच आले, बॅटरी रुमालात बांधून. आता, टॉर्चचे सेल उतरले की आमी उन्हात ठेवतो, तेवढेच आणखी चालतात. गुरुजींनी लॅपटॉपची बॅटरी पत्र्यावर कुरडयांच्या शेजारी वाळत घातली होती! ती फुगून टम्म.

मिलिंदनं कपाळाला हात लावला. गुरुजी मात्र खुशीत.

"बघ, कशी अंग धरून राहिली!"

*

नवी बॅटरी आली. मंग मीच धीर करून गुरुजींपुढं सोयरिकीचा विषय काढला. गुरुजींनी चष्मा पुसला.

"ज्याला एक बटन नीट करता येईना, त्याच्या हाती लेक देऊ? लोडशेडिंगमध्ये हा लॅपटॉप घंटाभर चालवून दाखव म्हणावं. मंग बोलू."

झालं! मिलिंदचं जेवणात ध्यान न्हाई. लॅपटॉप सुरू होताना हुकमाची एक ओळ वाचतो म्हणे, ती बदलून बदलून बघायचा. एकदा बटन चाललं, पण उलटं! उजेड वाढवायला गेला अन् पडदा काळाठिक्कर. उजेड परत वर आणता येईना. मंग माझा टॉर्च पडद्यावर मारून, अक्षरं हुडकत ओळ पुन्हा लिहून राहिला. तेवढ्यात शेठ आला.

"भरदिवसा टॉर्च लावून काय हुडकतोस रे?"

"उजेड, शेठ."

शेवटी सापडला. बटनं बराबर चालली. ब्लूटूथ, वायफाय, जे कोणी वापरत न्हाई ते त्यानं बंद केलं. पाहुणे गेल्यावर ओसरीतला दिवा मालवावा तसं.

*

दिवेलागणीला, लाईट जायच्या टायमाला, आमी हट्ट्याला गुरुजीच्या घरी. गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ काढून लॅपटॉपशेजारी ठेवलं. लाईट गेली. मिलिंदनं उजेड पार तळाला नेला. खोलीत अंधार. कोणी बोलंना, जसं काय बोललं तर बॅटरी संपंल!

अर्धा घंटा झाला. सुजाता चाचपडत चहा घेऊन आली. तिची आई कावली.

"अवो, बघायला आलेलं पोरगंच दिसंना की! जरा दिसू तरी द्या."

मिलिंदनं सूर्याचं बटन दाबलं. उजेड चढला. गुरुजींनी मान डोलावली. आईला पोरगं दिसलं. पण पोराला समोर सुजाता दिसली! त्यानं परत दाबलं. अन् परत. पडदा लख्ख झाला, भिंतीवरची पाल पळाली, तरी ह्याचं बोट उचलंना अन् नजर हलंना.

"बटन अटकलं का रे?" गुरुजींनी विचारलं.

सुजातानं कप खाली ठेवला, जराशी वाकली अन् हळूच म्हणाली,

"खाली घ्या. घंटा व्हायचाय अजून."