कठडा नसलेला जिना

"थांब. जिथं जिथं पाय ठेवलास, तिथं पूस."

गेल्या नवरात्रातली गोष्ट. घरोघरी घट बसलेले. धाराशिवमधल्या त्या अपार्टमेंटचा पुढचा जिना मी सकाळीच धुऊन काढला होता. मग वरच्या एका घरी भांड्यांना जायचं होतं, घाईत त्याच जिन्यानं चढले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात रांगोळी काढत होत्या. त्यांनी अडवलं. मला उलटं, एकेक पायरी उतरत, माझीच ओली पावलं पुसायला लावली. पुसली मी. एखादी पायरी सुटली तर काकू वरून बोट दाखवायच्या. देवीची परडी भरणारं बोट ते. दारादारात बायका उभ्या राहून बघत होत्या.

"कामवाल्यांनी मागनं यायचं. तुझ्या मायला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या.

मायला ठाऊक होतं खरं. माझ्याआधी इथं तीच काम करायची. मागचा जिना अरुंद, अंधारा, आणि त्याला कठडाच नाही. त्यात वर्षाची ज्वारी भरली की घराघरांची पोती तिथंच, वळणावर रचायची. घरात जागा अडते ना! कडुलिंबाचा पाला घालून, तोंड शिवून पोती ऐटीत बसलेली, आणि आम्ही त्यांच्या कडेनं अंग चोरून जायचं. एक दिवस माय भरली बादली घेऊन तिथूनच खाली कोसळली. धरायला काही नव्हतं. खुबा मोडला. आता काठी टेकत उंबऱ्यापर्यंत येते, तेवढंच. सोसायटीचे अध्यक्ष रिटायर मास्तर, सगळे त्यांना सर म्हणतात. ते तेव्हा म्हणाले होते, "बघून चालावं माणसानं."

तरी मी तिथंच कामाला लागले. पोट होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिले.

आज नगरपालिकेचे साहेब आले, आगीचा बंदोबस्त तपासायला. ते यायच्या आधी सरांनी मला आणि वॉचमनला सगळी पोती खाली पार्किंगमध्ये न्यायला लावली, वर ताडपत्री टाकायला लावली. कंबर मोडली माझी. साहेब मागच्या जिन्यानं भिंतीला हात लावत चढले. मी वळणावर सांडलेले दाणे झाडत होते.

"कठडा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"कामवाल्यांचा जिना हाय, साहेब. कठड्याचं काय काम तिथं?" सर हसले.

साहेब हसले नाहीत. "आग लागली तर तुम्ही सगळे इथूनच उतरणार. नियमात कामवाल्यांचा जिना नसतो."

आणि ते वर निघून गेले. त्यांचं रोजचंच बोलणं असणार ते. माझा झाडू मात्र थांबला. मला वाटायचं, हा जिना आमच्यासाठी म्हणूनच असा बांधलाय. माय पडली ते तिचं नशीब. छे! कठडा लावायलाच हवा होता. यांनी लावला नाही, कारण पडणार होतो ते आम्ही. अंगाची नुसती आग झाली.

कठडा लावा, जिना मोकळा ठेवा, असं बजावून साहेब गेले. त्यांची गाडी वळते न वळते तोच सर मागच्या जिन्याच्या वळणावर येऊन मला म्हणाले, "चल, पोती जागेवर लाव परत."

"न्हाय लावणार."

"काय?"

"म्या न्हाय लावणार, सर. तिथं माझी माय पडली. ती बघूनच चालत होती. तुमचा कठडा नव्हता."

"लई शहाणी झाली का गं!" काकू दारातून ओरडल्या. "उद्यापासून येऊ नको!"

झाडू मी तिथंच, वळणावर टाकला. आणि काकूंच्या दारासमोरून पुढच्या जिन्यानं उतरले. धुळीनं भरलेल्या पायांनी, कठडा धरून, सावकाश.

उद्या मी येणार. कामाला नाही. आधी नगरपालिकेत जाऊन ताडपत्रीखाली काय दडवलंय ते सांगणार. मग मायला घेऊन याच पुढच्या जिन्यानं चढणार, सरांच्या दारापर्यंत. तिला वेळ लागेल. लागू दे. पायरीपायरीवर तिची काठी वाजू दे. तिच्या खुब्याचा जाब तिथं उभं राहून विचारणार. आमची पावलं उमटतील जिन्यावर. ज्यांना खुपतील त्यांनी फडकं घ्यावं आणि वाकावं. मी पुसणार नाही.