रिलीवर येईपर्यंत

वापी स्टेशनच्या फलाटावर अप्पांनी माझी बॅग खाली ठेवली, पण तिचा पट्टा काही हातातून सोडला नाही. मुंबईची गाडी यायला वीस मिनिटं होती. सिल्वासाहून आम्ही शेअरिंगच्या इको व्हॅनमधून आलो होतो. सबंध रस्ताभर ते ड्रायव्हरशी खड्ड्यांवर बोलत होते, माझ्याशी एक अक्षर नाही. आई तर सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या घरातून खाली उतरलीच नव्हती. गॅलरीत उभी राहून ती कपडे वाळत घालत होती आणि एकच टॉवेल तिने चार वेळा झटकला. मी खालून हात केला, तर तिने चिमटा शोधायला मान वळवली.

मी कुठे निघाले होते याबद्दल आमच्या शेजारच्या डोकमर्डीत एक गोष्ट सांगतात आणि रांध्यात दुसरी, म्हणून एकदाच लिहून टाकते. जे तिथेच राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे बाहेर पडून रोज कुणाला तरी उत्तर देत बसलेत त्यांच्यासाठीही. मी सैन्यात गेलेली नाही. मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे. कोणत्या विमानाने कधी उतरायचं, कुणी थांबायचं, एकमेकांपासून किती लांब राहायचं, हे रेडिओवर सांगणं माझं काम. सात वर्षं ते मी आपल्याच देशात केलं. मग एका कंपनीचं पत्र आलं. जिथली लढाई अजून पुरती थांबलेली नाही अशा एका देशातल्या विमानतळावर दोन वर्षांचं काम. देशाचं नाव लिहीत नाही. आईला ते अजून उच्चारता येत नाही, आणि तिची तशी इच्छाही नाही.

पत्रात काही लपवलेलं नव्हतं. राहायला वाळूच्या पोत्यांनी वेढलेला कंटेनर. जिथून विमानं हाताळायची त्या मनोऱ्याच्या काचा फुटल्या तरी उडू नयेत म्हणून त्यांवर चिकटवलेली फिल्म. भोंगा वाजला की तळघर. सोबत एक फॉर्म होता. त्यात रक्तगट विचारला होता, आणि खाली एक रकाना होता, काही बरंवाईट झालं तर पार्थिव कोणत्या पत्त्यावर पाठवायचं. त्याखाली घरच्या माणसाची सही. कळवायला पंधरा दिवस.

मी रजेवर घरी आले होते. जेवणाच्या टेबलावर बसून फॉर्म भरला आणि सवयीने पत्त्यात लिहून गेले, ‘पाण्याच्या टाकीजवळ’. कुरियरवाल्याला लिहितो तसंच. आईने तो कागद वाचला. रक्तगटावर ती काही बोलली नाही, तळघरावरही नाही.

“टाकीजवळ कशाला लिहिलंस?” एवढंच म्हणाली आणि आत जाऊन कणीक मळू लागली.

ते पंधरा दिवस मी आजही विसरलेले नाही. खालच्या मजल्यावरच्या सावंत मॅडम, ज्यांनी मला पाचवीला गणित शिकवलं, खास वर आल्या. “सरकारी नोकरी सोडून मरायला कशाला जातेस? तिकडे जायला दुसरं कुणी नाही का?” असं त्या म्हणाल्या. मॅडम स्वतः कोकणातून एकट्या इथे आल्या तेव्हा इथे धड रस्तेही नव्हते, पण ते बोलून दाखवणार तोच आईने मला डोळ्यांनी थांबवलं. मी गप्प बसले. आता बसणार नाही.

मला राग या गोष्टीचा यायचा की जोखीम म्हणजे काय हे आमच्या घराला नव्याने समजावलं जात होतं. अप्पा शहाद्याकडचं गाव सोडून सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात लागले. डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नाहीत. आमच्या मजल्यावर अशी बोटं मोजायला बसलं तर दोन्ही हात पुरत नाहीत. तेव्हा कुणी वर येऊन विचारलं नाही की मरायला कशाला जाता. बाप गेला की ते पोटापाण्यासाठी, आणि पोरगी गेली की डोकं फिरलंय! मला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण ती भीती माझी होती, तिचा निकाल मला लावायचा होता. विमानं त्या आकाशातूनही जातात. औषधं नेतात, माणसं नेतात, आणि त्यांच्याशी कुणाला तरी शांत आवाजात बोलावं लागतं. ते मला येतं. एवढं म्हणायलाही आमच्याकडे परवानगी लागते.

अप्पा फक्त सही करत नव्हते. फॉर्म देव्हाऱ्याखालच्या खणात, पेन त्यावर, आणि अप्पा पहिल्या पाळीला.

इथे कारखान्यातला एक रिवाज सांगायला हवा. रिलीवर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, मशीनपाशी येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने हलायचं नाही. कोणत्या बॉबिनवर धागा तुटतोय, कुठे आवाज वेगळा येतोय, हे तोंडाने सांगायचं, आणि मगच निघायचं. एका होळीला आम्ही गावी जायला निघालो होतो. अप्पा तीनला सुटणार, साडेचारची एसटी. त्यांचा रिलीवर धडगावकडचा, तो होळीला गेला तो परतलाच नव्हता. अप्पा दुसरी पाळीही उभे राहिले. आई नवं लुगडं नेसून भरलेल्या पिशव्यांवर बसून होती, एसटी निघून गेली. घरी आल्यावर ते म्हणाले, “चालू मशीन सोडीसन कसा येऊ?” आई दोन दिवस बोलली नाही. मी सात वर्षांची होते आणि मला ते अतिशय मूर्खपणाचं वाटलं होतं.

पुढे मनोऱ्यात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की आमच्याकडेही हेच आहे. नवा कंट्रोलर येतो, हेडसेट लावतो. जुना त्याला कुठलं विमान कुठे आहे ते सांगतो. आणि सांगून झाल्यावरही लगेच उठत नाही. काही मिनिटं शेजारी बसून राहतो, न बोलता. अप्पांना मी हे कधी सांगितलं नव्हतं.

चौदाव्या दिवशी पाळीवरून आल्यावर त्यांनी खण उघडला. फॉर्म टेबलावर ठेवला आणि विचारलं, “तठे तुना रिलीवर कोन शे?”

मी म्हणाले, “माझा अजून कुणी नाही, अप्पा. पण आत्ता तिथे जो बसलाय, त्याचा रिलीवर मी आहे.”

तो केनियाचा होता. वर्षासाठी आलेला, एकोणीस महिने तिथेच होता, कारण बदली माणूस मिळत नव्हता. मी त्याला फोन करून परिस्थिती विचारली होती, तर तो एवढंच म्हणाला होता, तू येणार का ते सांग.

अप्पांनी हे सगळं ऐकलं. मग उरलेल्या बोटांनी कागद दाबून धरला आणि सही केली. आई दारात उभी होती. ती म्हणाली, “तुमी दोन्ही एकच शेत.” आम्ही दोघं सारखेच, हे काही कौतुक नव्हतं.

फलाटावर गाडी आली तेव्हा कुठे त्यांनी पट्टा सोडला. मी दारात उभी राहिले. गाडी हलली, लोक पांगले, पण अप्पा तिथेच उभे. वळणापर्यंत मला दिसत होते. त्या क्षणी मी रडले, हे लिहायला मला लाज नाही.

केनियाच्या त्या माणसाने मला मनोऱ्यात सगळं समजावलं, हेडसेट काढला आणि शेजारी बसून राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग उठला आणि माझ्या खुर्चीची पाठ हलकेच थोपटून जिना उतरला. भोंगे मी किती ऐकले ते घरी सांगत नाही. डाळ इथे मिळते, हिंगाचा डबा शेजारच्या कंटेनरमधली नेपाळी मुलगी उसना नेते. उतरलेल्या प्रत्येक विमानानंतर मी एक श्वास सोडते, तेवढीच माझी शौर्यगाथा.

गेल्या महिन्यात दोन वर्षं संपली. माझा रिलीवर ठरला आहे, पण त्याला यायला अजून तीन महिने आहेत. मी मुदत वाढवली. सावंत मॅडमनी जिन्यात अप्पांना अडवून सांगितलं, आता तरी पोरीला बोलवा. अप्पा म्हणाले, “तिना रिलीवर येऊ दे, मंग ई ती.” रिलीवर आला की येईल ती, हे त्यांचं उत्तर मला आईने सांगितलं, चिडूनच.

माझ्यासाठी घर आता तेवढंच आहे. जिथे माझ्या वतीने कुणी असं उत्तर देतं, आणि कुणीतरी माझ्यावर अजून रागावलेलं असतं.

मुदत वाढवताना तोच फॉर्म पुन्हा आला. अप्पांच्या सहीसाठी मी तो फोनवर पाठवला. अर्ध्या तासात आईचा फोन.

“पत्त्यात टाकी लिहिली नाहीस.”

“नाही लिहिली,” मी म्हणाले. “ती खूण परक्या माणसाला लागते. मी स्वतः येणार आहे, मला रस्ता ठाऊक आहे.”