हवामान सांगणाऱ्या साळवेबाई

फोन लावण्याआधी साळवेबाई पदर सारखा करत, कपाळावरचे केस मागे घेत आणि खुर्चीत ताठ बसत. पलीकडच्या माणसाला त्या दिसणार नव्हत्या. मी संस्थेत नवीन होते, तेव्हा न राहवून कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, आपण कुणाच्या तरी दारात चाललोय. असंच जायचं का?"

आमची संस्था लहान, सिडकोतल्या दोन खोल्यांत. खुलताबादच्या डोंगरावरची आणि शेंद्र्यापलीकडची गावं बदलत्या हवामानात कशी तग धरतील, हे बघायचं आमचं काम. कुणी शेततळी बघे, कुणी बियाणं. साळवेबाईंकडे फोन होता. आठवड्यातून दोनदा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज यायचा. तो त्या आधी स्वतः दोनदा वाचत आणि मग दुपारपासून चाळीसेक गावांतल्या बायकांना एकेक करून सांगत. बाईच्या कानावर घातलेलं गावभर पोचतं, पुरुषाच्या कानावर घातलेलं खिशात राहतं, असा त्यांचा अनुभव होता.

सांगणं म्हणजे नुसतं वाचून दाखवणं नव्हे. आधी त्या विचारत, वारा कुठून सुटलाय, तूर फुलात आहे का, शेळ्या कशा आहेत. "तुमच्याकडं आभाळ आहे, माझ्याकडं कागद. दोन्ही जुळवून बघू," असं म्हणून मग अंदाजाकडे वळत. एका जूनमध्ये दोन दिवस बरा पाऊस झाला, सगळे पेरायला निघाले, आणि बाईंनी घसा सुकेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. पुढे तीन आठवडे थेंब नाही. ज्यांनी ऐकलं त्यांचं बियाणं वाचलं. त्याबद्दल आभाराचा एकही फोन आला नाही. बाईंना त्याचं काही वाटत नसावं, असं मी तेव्हा धरून चालले.

मुकुंदवाडीत स्टेशनजवळ त्या एकट्या राहत. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. त्याबद्दल त्या बोलत नसत. रविवारीही कार्यालयात येत आणि "आभाळाला कुठं रविवार असतो," म्हणत. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी घरी गेले. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. एकीचा रंग बसून बसून गेलेला. दुसरीवर दुकानातलं पातळ वेष्टन तसंच होतं. ते काढून मी बसले. अंगात ताप असताना त्यांनी दोनदा चहा केला आणि मी उठले की काहीतरी नवं बोलणं काढलं.

त्याच वर्षी गहू पिकायला आला असताना कागदावर गारांची शक्यता आली. खुलताबादकडच्या एका गावात कौसाबाई नावाची शेतकरीण होती. नवरा गेल्यापासून दोन एकर एकटीनं बघायची आणि साळवेबाईंचा शब्द खाली पडू द्यायची नाही. बाईंनी पीक सोंगून, कापून घ्या म्हटलं, आणि आठवडाभराचं पिकणं बाकी असताना तिनं गहू सोंगला. गारा पडल्या त्या डोंगराच्या पलीकडे. शेजाऱ्यांचा गहू उभा राहून भरला, हिचा दाणा चिमला. फोनवरच्या बाईचं ऐकून घर बुडवलं, असं दीर गावात सांगत सुटला.

बाई तिकडे जायचं म्हणाल्या, तेव्हा आमच्या प्रमुखांनी त्यांना समजावलं. आपण शक्यता सांगतो, हमी देत नाही. तिथं गेलात तर चूक कबूल केल्यासारखं होईल. बाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटी स्टँड गाठला. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या नाहीत.

कौसाबाई अंगणात गहू पाखडत होती. बाईंनी नाव सांगितलं. तिनं मान वर केली नाही. बाईंनी भिंतीला टेकवलेलं दुसरं सूप घेतलं आणि शेजारी बसून पाखडायला लागल्या. हलके दाणे भुशाबरोबर उडून जात होते. शेवटी बाई म्हणाल्या, "माझ्या सांगण्यानं तुमचं नुकसान झालं. हे फोनवर सांगवेना, म्हणून आले."

कौसाबाईनं सूप खाली ठेवलं. "गारा पडल्या असत्या, तर तुमी आल्या असत्या का?"

"नाही."

"मंग नाय पडल्या ते एका परीनं बरं झालं. तुमचं तोंड तरी दिसलं." आणि ती भाकरी टाकायला आत गेली.

परतीच्या गाडीत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. रडत होत्या की नाही, ते मी बघितलं नाही.

दोन वर्षांनी संस्थेत नवी सोय आली. अंदाज एकदा आवाजात भरून ठेवला की यंत्र एकाच वेळी सगळ्या गावांना फोन लावणार. गावांना बाईंचा आवाज ओळखीचा, म्हणून प्रमुखांनी त्यांनाच विचारलं. बाईंनी नको म्हटलं. खूप आग्रह झाला. त्यांनी कारण दिलं नाही आणि शब्दही बदलला नाही. मग मला विचारलं. मी हो म्हटलं. मला तो मान वाटला होता.

बाईंना फायली लावायचं काम मिळालं. सहा महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. सुरुवातीला मी दोनदा मुकुंदवाडीला जाऊन आले, मग जाऊ-जाऊ म्हणत राहिले. एका उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. शेजारणीला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. स्मशानात आम्ही मोजकीच माणसं होतो.

पावसाळा सरता सरता बैठकीसाठी मी कौसाबाईच्या गावी गेले. बोलायला सुरुवात केली, तशी मागं बसलेल्या कौसाबाईनं मान वर केली. बैठक संपल्यावर ती जवळ आली. "तवा बाईसंगं आल्या होत्या त्याच ना तुमी? फोनवर बी तुमीच बोलता."

मी हो म्हटलं.

"मशीन हाये म्हणतात. तरी मी दर खेपेला विचारते, साळवेबाई कशा हायेत. तुमी आपलं बोलतच राहता."

मी सांगितलं. ती ओट्यावर टेकली. कधी, एवढंच तिनं विचारलं. मी उन्हाळ्यात म्हणाले.

"पाऊस यायचा असला की कळवता तुमी," ती म्हणाली. "हे कुणी कळवलं नाय."