झिजवलेल्या वहाणा

नऊ वर्षांपूर्वीचा पौष महिना, बुधवार, सकाळी आठ ते साडेआठ. बांधावरच्या रानाच्या सहा पावलांच्या तुकड्यात त्र्याण्णव कीटक. हजर माणसं तीन — मी, माझा थोरला चुलतभाऊ दत्तादादा आणि त्याची बायको सुलभावहिनी. एवढं वहीत लिहिलेलं आहे. त्याच्या पुढचं वहीत नाही, आणि माझ्या तोंडूनही ते कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला लिहून सांगतो आहे — का, ते विचारू नका. मलाही नीट सांगता येणार नाही.

आधी हे कीटक कुठून आले ते सांगतो.

गोव्यात डिचोलीला एका खाणीवर खनिजाच्या ट्रकांचं वजन टिपून घेण्याचं काम मी चौदा वर्षं केलं. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक. ते काम संपल्यावर कोरगावला परत आलो आणि वाट्याची काजूची बाग बघायला लागलो. हाताला मोजायची सवय होती, समोर ट्रक नव्हते. एका शेतकी शिबिरात एका बाईंनी सांगितलं की बागेतले सगळेच किडे शत्रू नसतात, काही आपले राखणे असतात. ते कोण, किती, आणि खातात काय, हे बघत जा. दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली.

काजूचा खरा वैरी ढेकण्या. मोहराच्या कोवळ्या देठात सोंड खुपसतो, रस पितो, आणि मोहर करपल्यासारखा काळा पडतो. त्याला मारणारे झाडावरच असतात. हुमले — पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या. काजू वेचताना त्या मानेत शिरल्या की माणूस नाचतो, म्हणून लोक त्यांची घरटी जाळतात. मग ढालकिडे, ते मावा खातात. मग फुलमाशी — दिसायला मधमाशी, पण हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते. तिची अळी मावा खाते. ती स्वतः मात्र परागावर आणि मधावर जगते. आणि टाचणीच्या टोकाएवढ्या गांधिली, ज्या ढेकण्याच्या अंड्यात आपलं अंडं घालतात. त्यांनाही गोड लागतंच.

आता बघा. काजूचा मोहर फार तर अडीच-तीन महिने. उरलेलं वर्ष या मंडळींनी खायचं काय?

उत्तर बांधावर होतं. माझ्या आणि दादाच्या बागांच्या मध्ये चौसष्ट मीटर लांब, चार मीटर रुंद असं रान माजलेलं होतं. एकदांडी, दिंडा, पिटकुळी, करवंदीच्या जाळ्या, दोन कुड्याची झाडं. वर्षाचे बाराही महिने तिथे काही ना काही फुललेलं. मी मोजलं : रानाला लागून असलेल्या काजूंवर ढेकण्याचा मार शंभर मोहरांत नऊ, बागेच्या दुसऱ्या टोकाला शंभरात एकतीस. दोन वर्षं मोजलं, दोन्ही वर्षं तेच. तो बांध म्हणजे माझ्या बागेची खानावळ होती.

फक्त — खानावळ दादाच्या हद्दीत होती.

दादाचा पाठीचा मणका सरकल्यापासून ओझं वहिनी उचलायची. काजूच्या बोंडूंचे, म्हणजे रसाळ फळांचे, डबे डोक्यावर घेऊन व्हाळाकडून, ओढ्याच्या काठाने, वळसा घालून रस्त्याला जायचं, तिथे रसवाल्याची पिकअप थांबायची. दादाला ते रान साफ करून तिथून गाडीची वाट काढायची होती. स्वतःच्या जमिनीतून, स्वतःच्या बायकोसाठी. यात चूक काय होतं? काही नाही.

त्या बुधवारी मी दोघांना बांधावर बोलावलं आणि त्यांच्यासमोर कीटक मोजून दाखवले. दादा काठीवर रेलून बघत होता.

"ट्रक मोजूक सोडलस, आता माशी मोजतस? त्यांका पगार कोण देता रे?"

वहिनी म्हणाली, "भावजी, तुमच्या माशांका आमच्यापरस बरां जेवण गावता."

मी हसलो नाही. आकडे वाचून दाखवले — नऊ आणि एकतीस. दादाने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "खरां आसतला. मगे तू तुझ्या बाजून वाट दी. रान रवता, वाटय जाता."

मी म्हटलं, माझी अकरा झाडं जातील. धरती झाडं, भर फळावरची.

"तर मगे?" दादा म्हणाला. एवढंच. आणि पुढच्या गुरुवारी दोडामार्गाकडचे दोन कामगार येणार असल्याचं सांगून निघून गेला.

इथपर्यंत सांगायला सोपं होतं.

आमच्याकडे प्रत्येक वाड्याला, म्हणजे वस्तीला, देवचार असतो. राखणदार. खांद्यावर कांबळ, हातात दांडा, पायात वहाणा, असा तो हद्दीवरून फिरतो म्हणतात. त्याला रोट, म्हणजे जाड भाकरी, देतात, विडी देतात, वर्षाला नव्या वहाणा ठेवतात. वहाणा झिजलेल्या दिसल्या की म्हणायचं, देव चालला. आणि ज्या वाटेने देवचार चालतो तिथे कोयता घालायचा नाही, भिंत बांधायची नाही. मी यातलं काही मानत नाही. दादा मानतो. मला ते माहीत होतं — लहानपणापासून माहीत होतं.

समजलं ना, आता काय येणार ते?

डिचोलीच्या बाजारातून मी कातडी वहाणांचा जोड घेतला. तिथेच, ओळखीच्या एका बंद पडलेल्या शेडच्या मागे बसून, तीन दुपारी तो चिऱ्याच्या दगडावर घासला. टाचा घासल्या, अंगठ्याची जागा घासली. उजवीपेक्षा डावी जास्त घासली, कारण चालणाऱ्याच्या वहाणा कधी सारख्या झिजत नाहीत, हे मी खाणीवरच्या माणसांच्या पायांकडे बघून शिकलो होतो. मग व्हाळाचा चिखल लावून वाळवला. कामगार येण्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी भर दुपारी, वाडा जेवून आडवा झाला असताना, त्या रानात कुड्याच्या मुळाशी ठेवल्या. टोकं रस्त्याच्या दिशेने.

लबाडीतही मी चोख होतो.

गुरुवारी सकाळी आधी कामगारांनी बघितल्या. एकाने कोयता तिथेच टाकला. दादा आला, बघितलं, आणि त्याचं तोंड — मी माझ्या बागेतून बघत होतो — लहान मुलासारखं झालं. त्याने काठी बाजूला ठेवली आणि त्या मोडक्या पाठीने तो जमिनीवर वाकला. कामगारांना दिवसाची मजुरी देऊन परत पाठवलं. वाटेचा विषय पुन्हा काढला नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन शिव्या, वर्षभराचा अबोला. एवढंच. पण त्याच रविवारी दादाने तिथे रोट ठेवला, वाड्यातली दहा-बारा माणसं बोलावली, मलाही बोलावलं. गाऱ्हाणं त्यानेच घातलं. "बा देवचारा म्हाराजा, चुकीन तुझ्या वाटेर कोयतो हाडलंय, पदरात घी रे म्हाराजा —" आणि सगळ्यांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मीही म्हटलं. पुढे तो म्हणाला, "माज्या धाकट्या भावाक, त्याच्या बागेक, सुखी ठेव रे म्हाराजा —"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. स्वतःच्याच सुखाला होकार दिला.

दर पौषात तो रोट होतो. नऊ वर्षांत नऊ वेळा मी तिथे उभा राहून तसं म्हटलं आहे. आणि दुसऱ्या वर्षी दादाने नव्या वहाणा आणल्या तेव्हा मी बघितलं, डाव्या वहाणेला दुहेरी तळ होता. मी विचारलं. तो म्हणाला, "देवाचो डावो पाय वडता रे. तू बघलस मां, कशी झिजलली ती? त्येका त्रास जाता." तेव्हापासून दरवर्षी चांभाराला सांगून तो डाव्या वहाणेला जाड तळ लावून घेतो. देवाला दुखू नये म्हणून.

मी काय करणार होतो? — सांगायचं होतं. नाही सांगितलं.

बाग चांगली झाली. हे लपवत नाही. रान वाढलं, फुलमाश्या वाढल्या, हुमल्यांची घरटी माझ्या बाजूकडून पलीकडे दादाच्या झाडांवरही गेली. दोन्ही बागांत ढेकण्याचा मार कमी झाला, दादाच्या बागेतही, हे मी मोजलं आहे. सकाळी चहाचा पेला घेऊन बांधावर बसतो. एक फुलमाशी एकदांडीवर उतरते, पुढचे पाय चोळते, पराग चाटते, उठते, पुन्हा त्याच फुलावर बसते. मला तिथे बरं वाटतं. खरंच बरं वाटतं. ज्या जागेवर मी खोटं बोललो त्याच जागेवर माझे सगळ्यात सुखाचे तास गेले आहेत. हे बरोबर आहे का? तसं झालं आहे, एवढंच मला सांगता येतं.

गेल्या चैत्रात मी असाच वही घेऊन बसलो होतो. वहिनी पलीकडून डबा घेऊन व्हाळाकडे जाताना दिसली. थोड्या वेळाने रिकामा डबा घेऊन परत. मग पुन्हा. तिसऱ्या फेरीला ती मध्ये थांबली, एक हात डब्याला, दुसरा गुडघ्यावर. मला बघून म्हणाली, "आज किती मेळ्ळे, भावजी?" कीटकांबद्दल विचारत होती. नेहमीच्या थट्टेने.

मी आकडा सांगितला. ती पुढे गेली, आणि मी त्याच पानावर, कीटकांच्या खाली, तिच्या फेऱ्या लिहायला लागलो. का, ते तेव्हा कळलं नाही. त्या सकाळी सात फेऱ्या झाल्या. दुपारी ती वाट मी स्वतः चाललो. सरळ वाटेपेक्षा वळशाची तीनशे ऐंशी पावलं जास्त. जाऊन-येऊन, सात वेळा : पाच हजार तीनशे वीस. त्यातली निम्मी डोक्यावर ओझं घेऊन. आणि हा एका सकाळचा आकडा. नऊ हंगाम. नऊ वर्षं मी तिथे बसून सहा पावलांच्या तुकड्यातली माशी न माशी टिपली, आणि समोरून जाणारं माणूस एकदाही नाही.

गुणाकार मी पुरा केला नाही. करू शकलो नाही असं नव्हे — केला नाही.

पावसाआधी मी माझ्या बाजूची अकरा झाडं तोडली. कोयता मीच धरला. हुमल्यांची घरटी असलेल्या फांद्या आधी उतरवून शेजारच्या झाडांना बांधल्या. त्यांनी माझ्या दोन्ही हातांचं जे केलं ते आठ दिवस दिसत होतं. वाट तीन मीटर रुंद निघाली. पिकअप आता थेट वहिनीच्या खळ्यापर्यंत येते.

पण ऐका, सांगायचं अजून राहिलं आहे. वाट दिली तेव्हाही मी कारण सांगितलं नाही. "वहिनीचे गुडघे," एवढंच म्हटलं. दादा रडला. सगळ्या वाड्यात म्हणाला, "भाव आसचो तर असो." देवळात लोक मला पुढे बसायला सांगायला लागले, आणि मी जाऊन बसलो. दोन-तीनदा बसलो. पहिलं खोटं भीतीचं नव्हतं, हट्टाचं होतं. हे दुसरं मात्र निव्वळ गोडाचं, कौतुकाच्या हावेचं. नातवंडांना दादा अजूनही त्या रानात पाऊल टाकू देत नाही. करवंदं पिकून गळतात, आणि पोरं माझ्या बाजूला उभी राहून बघतात.

आता हिशेब असा. चौसष्ट मीटर लांब, तीन मीटर रुंद वाट, अकरा झाडं — सुलभावहिनीला, कागदावर तिच्या नावाने. दत्तादादाला आजपर्यंत काही दिलेलं नाही. तो रोज पेपर वाचतो, अंगणात बसून, ओठ हलवत, एकही ओळ न गाळता. ही लिहिलेली पानं उद्या सकाळी मी त्याच्या हातात देणार आहे, आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत येईपर्यंत समोर उभा राहणार आहे.