देवीनं परत दिलेलं तेल

पहिल्या बाळंतपणात मी फाटले. हा शब्द लिहिताना आजही हात अडखळतो, पण आडपडदा ठेवला तर पुढचं सांगताच येणार नाही. मुलगी सुखरूप होती, माझी जखम मात्र लवकर भरली नाही. वर्षभर मला शौचाचा धीर धरता येईना. सासूबाईंनी मला देवघरात यायची मनाई केली. त्या स्वतःही उंबऱ्याबाहेरूनच हात जोडत. मला ते सोवळ्याचं वेड वाटे आणि त्यांचा संताप येई. पुढे मी सावरले, पण दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आनंद दूरच, मला भीतीच वाटली.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं खेडं अंबडजवळ. मी तिथल्या टेकडीवरच्या मत्स्योदरी देवीला नवस बोलले, आई, दर शुक्रवारी वाटीभर करडईचं तेल तुझ्या दिव्यात घालीन, या खेपेला मला सांभाळ. सासूबाई सोबत येत, पण गुडघे दुखतात म्हणून पायथ्याच्या लिंबाखालीच बसून राहत.

आठव्या महिन्यात मी पायऱ्या चढून वर गेले, तर तिथे एक म्हातारी मणियारीण बांगड्या भरत होती. गरोदरपणात हिरव्या बांगड्या भरायची आमच्यात रीतच. माझे हात सुजलेले, बांगडी अंगठ्याशी अडली. तिनं सरळ माझ्या वाटीतलं तेल बोटावर घेतलं! देवीचं तेल! मी हात ओढू लागले.

“हात आवळू नको, बेटी. जल्दी केली की बांगडी फुटती, न्हाई तर चामडी सोलती,” ती म्हणाली. हळूहळू चोळत तिनं डझनभर बांगड्या चढवल्या, साधा ओरखडा नाही. मग माझ्याकडं बघत हलक्या आवाजात म्हणाली, “एका अंगावर बसून राह्यली तू. पहिल्या वक्ताला फाटली व्हती का?”

माझी मान नकळत हलली.

“मंग खालचं अंग काय येगळं हाय? नखं काढ, हात बराबर धू. दोन बोटं तेलात बुडव अन् बाळाच्या वाटंला रोज हलकं चोळ. दुखलं की थांब. माझी माय दाई व्हती, तिचंच हे शिकवणं. अन् कळा आल्यावर कुणाला ओढाओढ करू दिऊ नको.”

देवीच्या दारात हे बोलणं! लाजेनं कान तापले. मी तडक गाभाऱ्याकडं गेले, तर पुजारी म्हणाले, “दिवा काठोकाठ भरलाय बाई. आज तेल घरी न्या.” इतक्या शुक्रवारांत असं कधीच झालं नव्हतं. वाटी तशीच हातात घेऊन मी पायऱ्या उतरले.

ते तेल मी स्वतःसाठी वापरलं. पहिल्या दिवशी रडले, मग सवय झाली. दुसरी मुलगी झाली, आणि मला कुठंही जखम नाही.

बाराव्या दिवशी सासूबाई मला न्हाऊ घालत होत्या. “अंगावर कायबी न्हाई? असं कसं?” त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. हातातला तांब्या तसाच धरून त्या न्हाणीच्या दगडावर बसल्या. मग म्हणाल्या, “पोरी, त्या तेलानं तीस वर्षांचं जुनं बरं होतं का गं?”

मला धक्काच बसला. ज्या उंबऱ्यावरून मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच उंबऱ्यानं त्यांनाही अडवलं होतं, आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता.

सव्वा महिन्यानं आम्ही देवीला गेलो. ती मणियारीण पुन्हा कधी दिसली नाही. तिचे उपकार मानायचे राहिलेच. मी देवीला सांभाळ म्हणाले, पण कसं सांभाळायचं तेही मीच ठरवून बसले होते. शरण जाणं म्हणजे तिनं ज्या हातानं दिलं त्या हातून घेणं, एवढं मला उमगलं.

पायथ्याशी सासूबाई सवयीनं लिंबाखाली बसू लागल्या. मी त्यांचा हात धरला.

“मी अशी... चालंल का तिला?”

“ती आईच आहे, आत्याबाई.”

सगळ्या पायऱ्या त्या माझ्यासोबत चढल्या. गुडघ्यांबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत.