न पळणारे म्हाळू आबा

म्हाळू आबांना आमच्या सणसर गावात कुणी पळताना पाहिलं नाही. एसटी निघाली तरी हा माणूस आपला चालतच यायचा आणि ड्रायव्हर शिव्या घालत थांबायचा. मी चिडलो की म्हणायचे, "बापूराव, धनगर पळाला की मेंढरू बुजतं. सवय हाय, आता जात न्हाय." आबांना जाऊन वर्ष झालं. ऐंशीच्या घरात होते, तरी शेवटपर्यंत पन्नासएक मेंढरं राखून होते.

एका दुपारी त्यांची मेंढरं माझ्या रानात होती. चार एकर गहू नुकताच काढलेला, तिन्ही बाजूंना उभा ऊस. ऊन चढलं तशी मेंढरं रानाच्या मधोमध एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली. आम्ही बांधावर बाभळीखाली बसलो होतो. बारामतीकडची शिकाऊ विमानं आमच्या डोक्यावरून रोजच फिरतात, कोण बघतंय? पण आबांनी मान वर केली. "आवाज बंद झाला की वो."

विमान कालव्याच्या अंगानं खाली येत होतं, पुढचा पंखा थांबलेला. उतरायला सपाट जागा एकच, माझं रान, आणि तिथं मेंढरं. मी ओरडत धावलो, ढेकळं फेकली. शुद्ध मूर्खपणा. मेंढरं एकमेकांना आणखीच घट्ट चिकटली.

"गप ऱ्हावा," आबा म्हणाले. मला ओलांडून ते कळपात शिरले, म्होरक्या मेंढीचा कान धरला आणि जिभेनं टकटक करत चालू लागले. विमानातला चेहरा दिसायला लागला होता आणि हे आपले चालताहेत. "आबा, पळा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मेंढरं एकामागं एक निघाली. शेवटची बांधाला लागली तोच विमान रानात टेकलं, उसळलं, पुढचं चाक मोडून घासत गेलं आणि उसात तोंड खुपसून थांबलं.

आतून विशी-बाविशीची पोरगी उतरली. एकटीच होती. कपाळाला खोक, बाकी धड. गर्दी जमली, मोबाइल निघाले. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला, पण तिला तो धरवेना. "मी फार घाबरले," ती एकसारखी म्हणत होती. "हे माझं काम नाही. परत नाही बसणार मी." मी आपला "तसं काही नाही ताई" करत राहिलो.

आबांनी मोबाइलवाल्यांना मागं सारलं आणि तिच्यासमोर उभे राहिले. सगळ्या गावादेखत त्यांनी धोतराचा सोगा पुढं धरला. ओला होता.

"हे बघ पोरी. मी काय कमी भ्यालो व्हय? तरी मेंढरं काढलीच की. तू बी इमान उतरवलंस न्हवं?"

कुणीच हसलं नाही. पोरीनं धोतराकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. मग तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा पाणी प्यायली.